गाडीतल्या फ्रीजला इन्व्हर्टर लागत नाही
कॅम्पर व्हॅनमधला (राहायची सोय केलेल्या गाडीतला) कंप्रेसर फ्रीज इन्व्हर्टरवरच नीट चालतो असं लै जण अजून सांगायलेत. चूक आहे ते. हा फ्रीज मुळातच 12 व्होल्ट डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीच्या करंटवर चालतो, इन्व्हर्टर लावला की डीसीचं एसी (घरच्या प्लगातला करंट) आन अडॅप्टरमधे परत डीसी, बॅटरी फुकटच उतरते. मग थेट जोडल्यावर बंद का पडतो? वायर बारीक असते! 1 स्क्वेअर एमएमची वायर 5 मीटर ओढली तर 5 अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास 0.9 व्होल्ट गळतो, मीटर बॅटरीवर 12.2 दाखवतो आन फ्रीजपाशी 11.3, मग कटऑफ, म्हणजे व्होल्टेज कमी दिसलं की फ्रीज आपोआप बंद करायची सोय, बसू शकतो. 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका, फ्यूज बॅटरीजवळच. आन परभणीच्या उन्हाळ्यात फ्रीजच्या जाळीसमोर पिशव्या कोंबू नका, कंप्रेसरला दमच मिळत नाही.