अंगठ्यातला सूर

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीची गिटार मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकली ती मडगावला, एका मित्राच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. बाहेर पाऊस कोसळत होता. मित्र लग्नांच्या रिसेप्शनना बँडमध्ये गिटार वाजवतो. मी फोंड्याच्या बाजूला हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो आणि भजनाला पेटीवर बसतो. रेकॉर्डिंग १९६० सालचं, न्यूयॉर्कमध्ये झालेलं. सूर इतका गोल आणि उबदार होता की वादकाने टोनचं बटण पार खाली ओढलं असावं, असं मला वाटलं. तसं मी म्हटलं, तर मित्र उसळून म्हणाला, "हें पिक न्हय रे, आंगठो!" पिक म्हणजे तार छेडायची पातळ, टणक चकती.

त्या एका वाक्याने माझा पुढचा अख्खा पावसाळा खाल्ला.

माँटगोमेरीचा जन्म ६ मार्च १९२३ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात झाला. विशीच्या आसपास त्याने चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या रेकॉर्ड ऐकल्या आणि त्यातली वादनं सुरासुरासकट कानाने उतरवून घेतली. ख्रिश्चन पिकने वाजवत असे, पण माँटगोमेरीला सरावाला रात्रच मिळायची. अँप्लिफायरमधून येणाऱ्या पिकच्या आवाजाचा घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून त्याने पिक बाजूला ठेवलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं मांस तारेला लावलं. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. आमच्याकडे याच्या अगदी उलट. गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन पक्कं करून गेलेल्या वादकांनी मुंबईचे जॅझ बँड आणि सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. दोन्ही वाटांनी थोर संगीत झालं, आणि मला दोन्हींबद्दल सारखाच आदर आहे.

आता तारेकडे येऊ. तंबोरा जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तार एकाच वेळी अख्खी थरथरते, दोन भागांत थरथरते, तीन, चार, पाच भागांतही थरथरते. गिटारची मोकळी ए तार घेतली तर तिचा मूळ सूर ११० हर्ट्झचा, आणि त्याच्याबरोबर २२०, ३३०, ४४०, ५५० असे उपस्वर चालतात. ११० ला षड्ज मानलं तर ५५० म्हणजेच आपला गंधार. तारेचा आवाज चमकदार की मऊ, हे या उपस्वरांपैकी कुणाला किती जोर मिळाला यावर ठरतं.

आम्ही मित्राची साधी गिटार पाटावर आडवी ठेवली. तिच्या तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा १३ सेंटिमीटर. घोडीपासून तेवढ्या अंतरावर, भोकाच्या कडेला, पेन्सिलने खूण केली. खुणेवर बोटाचं टोक अलगद टेकवलं, दुसरीकडे तार छेडली आणि लगेच बोट उचललं. गंधार एकटा, घंटीसारखा वाजला. मग बोट न टेकवता तार बरोबर त्याच खुणेवर छेडली. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्ये (आवाजातले उपस्वर ते सुटे करून दाखवतं) ११०, २२०, ३३०, ४४० यांचे उभे काटे दिसत होते, ५५० च्या जागी मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. मित्राने तीनदा करून पाहिलं. कारण सोपं आहे. पाच भागांत थरथरताना तार ज्या बिंदूंवर स्थिर असते, त्यातलाच हा एक. तिथून ओढल्यावर त्या थरथरीला जोर मिळत नाही. तार कुठे छेडली यावर कोणता उपस्वर गळणार हे ठरतं, आणि घोडीपासून मध्याकडे सरकत गेलं की वरचे उपस्वर एकंदरीत क्षीण होत जातात. माँटगोमेरीचा अंगठा मानेच्या टोकापाशी चालायचा, घोडीपासून चांगलाच लांब.

पण नुसत्या जागेने काम होत नाही. पिकने तार ओढली की तिथे टोकदार कोपरा तयार होतो आणि पिक निसटताच तार एकदम सुटते. असा कोपरा घडायला वरचे उपस्वर भरपूर लागतात. त्यातून "टिक्" हा ठसका येतो. अंगठ्याचं मांस रुंद आणि मऊ. कोपऱ्याऐवजी तारेला वळण पडतं, आणि मांसावरून घसरत सुटताना तारेची सगळ्यात जलद थरथर तिथेच विरते. मित्राने एकाच जागी आधी पिकने आणि मग अंगठ्याने तार छेडली. अंगठ्याच्या वेळी फोनच्या पडद्यावर उजव्या बाजूचे, म्हणजे वरच्या उपस्वरांचे, काटे लोळण घेतल्यासारखे खाली आले.

याच्यावर उरलेल्या सामानाचा परिणाम चढतो. माँटगोमेरीची गिब्सन एल-५ ही पोकळ पोटाची, व्हायोलिनसारख्या एफ आकाराच्या भोकांची गिटार. स्प्रूस लाकडाचा कोरलेला वरचा भाग, मेपल लाकडाची पाठ. तारा फ्लॅटवाउंड. नेहमीच्या जाड तारांवर गोल तार गुंडाळलेली असते, यांच्यावर चपटी पट्टी. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे बोट सरकताना किंचाळी येत नाही आणि वरचे उपस्वर लवकर विझतात. (आमच्या दमट हवेत त्यांचा वेगळा फायदा आहे. घाम आणि मळ साठायला खाचा कमी, त्यामुळे त्या जास्त टिकतात.) मग पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलून अँप्लिफायरकडे पाठवणारा भाग. १८३१ साली फॅरडेने दाखवलेल्या तत्त्वावरच तो चालतो. चुंबकाजवळ पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. माँटगोमेरीसाठी खास बनवून घेतलेल्या एल-५ वर एकच पिकअप होता, मानेजवळचा.

या पिकअपच्या जागेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त आनंद इथे झाला. पिकअपला अख्खी तार ऐकू येत नाही, फक्त स्वतःच्या डोक्यावरचा तुकडा ऐकू येतो. मानेजवळचा पिकअप मोकळ्या तारेच्या जवळपास पाव लांबीवर येतो, म्हणून चौथा आणि आठवा उपस्वर त्याला फारसा मिळत नाही. डाव्या हाताने मानेवरच्या बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) तार दाबली की उरलेली तार निम्मी होते, आणि मघाशी पाव लांबीवर असलेला पिकअप आता बरोबर मध्यावर येतो. आता दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर त्याच्यापासून निसटतात. म्हणूनच वरच्या पडद्यांवर मानेजवळचा पिकअप बासरीसारखा पोकळ वाजतो.

तर अंगठा, चपट्या तारा आणि मानेजवळचा पिकअप अशी तीन ठिकाणी चमक गेली. सूर सुंदर झाला, पण ड्रम आणि पियानोच्या गर्दीत असा सूर सहज बुडतो. आणि तरीही माँटगोमेरी बुडत नाही. याचं उत्तर त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध लकबीत आहे, असं मला वाटतं. ते म्हणजे ऑक्टेव्ह. एकच चाल मध्य आणि तार अशा दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवायची.

पेटीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खर्ज-नर सुरांची पेटी मी रोज वाजवतो. एक पट्टी दाबली की एका सप्तकाच्या अंतराने दोन सूर बोलतात, पण ऐकणाऱ्याला दोन वाटत नाहीत, एकच भरदार सूर वाटतो. हिशोब करून बघा. खालचा सूर १९६ हर्ट्झचा. त्याचे उपस्वर ३९२, ५८८, ७८४, ९८०, ११७६. वरचा सूर ३९२ चा, त्याचे ७८४, ११७६. वरच्या सुराची प्रत्येक वारंवारता खालच्याच्या यादीत आधीपासून आहे. नवं काही येत नाही, फक्त सम जागा जोरात भरतात. मानेजवळचा पिकअप वरच्या पडद्यांवर नेमक्या ज्या जागा रिकाम्या करतो, त्यातल्याच कितीतरी. अंगठ्याने घालवलेली चमक त्याने दुसऱ्या तारेकडून परत मिळवली, आणि ती पिकच्या ठसक्याशिवाय. हे गणित त्याने मांडलं असेल असं मी म्हणत नाही. कानाने तो तिथे पोचला, आणि मला ते गणितापेक्षा मोठं वाटतं.

दोन तारा कधीच काटेकोर जुळलेल्या नसतात. वरची तार ३९२ ऐवजी ३९३ असली तर सेकंदाला एक अशी संथ लहर सुरावर चढते. पेटीचे सूर किंचित हलले की येते तशीच. त्यातूनही सुराला अंग येतं.

हाताने हे करणं कठीण आहे. पाचव्या आणि तिसऱ्या तारेवर ऑक्टेव्ह धरायचा तर मधली चौथी तार मुकी ठेवावी लागते, कारण अंगठा तिन्ही तारांवरून फिरतो. पहिलं बोट पाचवी तार टोकाने दाबतं आणि आपल्या मांसाने चौथीला हलकेच टेकून राहतं. टेकणं कमी पडलं तर नको तो सूर बोलतो, जास्त झालं तर हवा तो दबतो. माँटगोमेरी ही पकड न सोडता भरधाव चाली वाजवायचा. एकेरी चालीत अंगठा बहुतेक खालच्याच दिशेने मारायचा, आणि जलद जागी डाव्या हाताची बोटं तारेवर आपटून किंवा ओढून काही सूर काढायचा. १५ जून १९६८ रोजी, ४५ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

एक गोष्ट मात्र आमच्या आलेखात बसत नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये सुराच्या सुरुवातीला एक बारीक टोक ऐकू येतं, मित्राच्या अंगठ्याला ते येत नव्हतं. नंतर कळलं की माँटगोमेरीच्या अंगठ्यावर घट्टा होता आणि सुराला ते टोक त्यामुळे यायचं, असं गिटारवादक जॉर्ज बेन्सनने सांगून ठेवलं आहे. म्हणजे मऊ मांसात एक छोटा कडक ठिपका. मांस तार गोल वळवणार आणि शेवटच्या क्षणी घट्टा तिला सोडणार.

मित्र आता रोज रात्री अँप्लिफायर बारीक करून अंगठ्याने सराव करतो. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गेलो तेव्हा त्याने हात पुढे केला. अंगठ्याच्या कडेला, नखापासून थोडं खाली, मुगाच्या दाण्याएवढी जागा पिवळट आणि टणक झाली होती. आम्ही फोन काढला, तीच ए तार, तीच जागा. उजवीकडच्या काट्यांत दोन-तीन जरासे वर आले होते.