आधार जोडलं नाही म्हणून मतदार यादीतून नाव कटत नाही

‘मतदार कार्डाला आधार लिंक करा, नाहीतर नाव उडेल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शेजारच्या आजींच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. त्या बिचाऱ्या दोन रात्री झोपल्या नाहीत. म्हणून स्पष्ट सांगते: हे खोटं आहे.

2021 च्या निवडणूक दुरुस्ती कायद्यातच लिहिलंय की आधार देता आलं नाही म्हणून नाव वगळायचं नाही. घोळ झाला तो फॉर्म 6ब मुळे, म्हणजे मतदाराने आपला आधार क्रमांक कळवायच्या अर्जामुळे. त्यात दोनच पर्याय: आधार क्रमांक द्या, किंवा ‘माझ्याकडे आधार नाही’ असं लिहून द्या. आधार आहे पण द्यायचं नाही, त्याने काय करायचं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगाने तिथे सांगितलं की आधार सक्तीचं नाही, फॉर्ममध्ये तसा खुलासा करू. त्याआधी 2015 मध्येही न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर आयोगाला आधार-जोडणी थांबवावी लागली होती.

आणि उलटा गैरसमजही नको. बिहारच्या यादी-पडताळणीत न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये आधीच्या अकरा कागदपत्रांच्या जोडीला आधार बारावं म्हणून घ्यायला लावलं, पण ओळखीपुरतंच. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे.