स्थलांतरित आणि निर्वासित महिलांसाठी नेतृत्व व सक्षमीकरण कार्यक्रम (कोकण)

आपलं गाव, मुलूख किंवा देश सोडून आलेल्या बायकांना नव्या जागी भाषा, कागदपत्रं, स्वतःची कमाई आणि चारचौघांत उभं राहून बोलायची सवय यासाठी मदत करायची, आणि पुढे त्यांच्यातूनच गटाच्या अध्यक्ष, समितीच्या मेंबर, कार्यकर्त्या तयार करायच्या, अशा कामाला हे नाव आहे. निर्वासित म्हणजे युद्ध, छळ यांच्या भीतीने देश सोडावा लागलेली, स्थलांतरित म्हणजे बहुतेक वेळा पोटासाठी आलेली. दोघींची पहिली अडचण मात्र एकच असते, नव्या जागी तिच्या स्वतःच्या नावाचा कागदच नसतो, जे काय असतं ते नवऱ्याच्या नावावर.

जगात हे सगळ्यात स्पष्टपणे मांडलं गेलं ते 2001 मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने (यूएनएचसीआर) तेव्हा निर्वासित महिलांसाठी पाच वचनं जाहीर केली. छावणीच्या समित्यांमध्ये निम्म्या जागा बायकांना, प्रत्येक बाईची वेगळी नोंद आणि वेगळं कार्ड, धान्यवाटपात तिचा सहभाग, हे त्यातलं महत्त्वाचं. कार्ड कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावावर असलं की तो निघून गेला किंवा त्याने टाकलं तर बाईचा शिधाच बंद, हे छावण्यांत वारंवार दिसलं होतं. दुसरा चांगला नमुना बर्लिनचा. तिथल्या नॉयकोल्न भागात 2004 पासून परदेशातून आलेल्या आयांनाच ट्रेनिंग देऊन आपल्यासारख्याच घरांमध्ये पाठवतात, मुलांची शाळा, आरोग्य, सरकारी ऑफिसची कामं हे त्या आपल्या भाषेत समजावतात आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. पैसे मिळतात हे मुद्दाम लिहिलंय, कारण आपल्याकडे बाईच्या अशा कामाला सेवा म्हणायचं आणि फुकटात करून घ्यायचं ही सवय फार जुनी आहे.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोकणात या विषयाचा खरा भाग स्थलांतरित बायकांचाच आहे. परमुलखातून आणून ठेवलेल्यांचा जुना दाखला मात्र रत्नागिरीतच सापडतो. ब्रह्मदेशचा थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलं, राजा 1916 ला इथेच वारला. चारही राजकन्या इथे वाढल्या, मराठी बोलायला शिकल्या, पण स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं काहीच हाती दिलं गेलं नाही आणि थोरलीचे शेवटचे दिवस रत्नागिरीतच हलाखीत गेले.

आज कोकणात बाहेरून आलेल्या बायका कोण, तर रत्नागिरी, देवगडच्या आंबा बागांमध्ये राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या, नवरा बागेत किंवा बोटीवर खलाशी आणि बाई सोबत स्वयंपाक, आंबा निवडणं, पेट्या भरणं करते पण मजुरी बऱ्याचदा जोडीची म्हणून नवऱ्याच्याच हातात जाते. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत कोळंबी सोलायला लांबून, एकेकाळी प्रामुख्याने केरळातून आलेल्या मुली. आणि रायगडच्या कातकरी आदिवासी बायका, ज्या जिल्ह्याच्या मूळच्याच, पण दिवाळीनंतर उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन अख्खं घर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं ते पाऊस तोंडावर आल्यावरच परत येतं. नेपाळी माणसाला भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे भारतात येऊन राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, पण मतदार यादीत नाव लागत नाही, म्हणजे गावात दहा वर्षं राहिली तरी गावच्या कारभारात तिचा शब्द नाही.

कोकणात बायकांच्या नेतृत्वाची यंत्रणा आहे आणि ती चांगली आहे, हे आधी मान्य करायला हवं. 1975 ला सुरू झालेलं माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि नंतर आलेलं राज्याचं उमेद हे ग्रामीण उपजीविकेचं अभियान यांच्या बचत गटांतून, गावातल्या गटांच्या ग्रामसंघातून, ग्रामसंघांच्या प्रभागसंघातून कितीतरी बायका पहिल्यांदा बँकेत सही करायला शिकल्या. ज्या बाईने कधी घराबाहेर तोंड उघडलं नव्हतं ती आज सीआरपी (गटांसाठी काम करणारी गावातलीच प्रशिक्षित कार्यकर्ती) म्हणून वाडीवाडीत फिरून दुसऱ्यांचे गट उभे करते. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. अडचण एवढीच की पंचसूत्रीतली, म्हणजे बचत गटाच्या पाच नियमांतली, पहिलीच अट नियमित बैठक, आणि सहा महिने भट्टीवर असलेली बाई नियमित येणार कशी? बचत चुकते, कर्जाला ती चालत नाही, मग हळूहळू नाव कमी होतं आणि लोक म्हणतात त्यांना इंटरेस्टच नाही. गटात साधारण दहा ते वीस जणी लागतात पण दुर्गम आणि आदिवासी भागात पाच जणींचाही गट चालतो, ही सवलत भट्टीवर एकत्र जाणाऱ्या बायकांसाठी वापरली तर बैठक भट्टीवरही होऊ शकते.

बाहेरगावाहून आलेल्या बायकांचं संघटन कसं उभं राहतं याचं मराठी उदाहरण मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागात आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवायच्या, पहाटेपासून चुलीपाशी, आणि वाणी-सावकाराच्या उधारीत कायम अडकलेल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथे भाषणाने सुरुवात झाली नाही, कर्जाच्या फॉर्मने झाली, आणि एकमेकींची जबाबदारी घेता घेताच पुढारीपण आलं. 1982 चा गिरणी संप झाल्यावर गिऱ्हाईकच तुटलं तरी मंडळ टिकलं.

कोकणात असा कार्यक्रम आखताना कॅलेंडर बघावं लागतं. ग्रामसभा होते 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला, त्यातल्या पहिल्या दोन्ही वेळी कातकरी बाई भट्टीवर असते. म्हणजे तिच्या हाती पावसाळ्यातल्या आणि त्याला लागून आलेल्या दोनच सभा राहतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच, तेव्हा जून-जुलैत, लावणीच्या कामातून संध्याकाळी मोकळ्या झाल्यावर, जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि वनहक्काचे अर्ज हातात घेऊन वाडीतच बसणं सोयीचं. नेपाळी बायकांचं उलटं, त्या पाऊस संपल्यावर येतात आणि आंबा संपला की जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी मोहोर येण्याआधीचे नोव्हेंबर-डिसेंबर हेच काय ते निवांत महिने, आणि पहिला विषय बहुतेक वेळा मजुरी बाईच्या नावाने वेगळी मागण्याचा असतो.