राजापूर लोकसभा मतदारसंघ

तळकोकणातील जवळजवळ पूर्णपणे ग्रामीण असा पूर्वीचा लोकसभा मतदारसंघ. येथे १९५७ ते २००४ या काळात निवडणुका झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेत तो मोडला आणि त्याचा बहुतेक भाग रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात गेला. नाव राजापूरचे असले, तरी त्याचा जीव होता तो त्या गावाच्या दक्षिणेला, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात.

भाताचे एक पीक, आंबा, काजू आणि मासेमारी एवढ्यावर घर चालत नसे. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि चूल मनीऑर्डरवर, हे इथले जुने गणित. त्यामुळे मतदार याद्यांत बायकांची संख्या पुरुषांहून जास्त असते, आणि चाकरमानी गावी आले की निवडणुकीचा रंग पालटतो.

या मतदारसंघाने सलग आठ वेळा समाजवादी खासदार दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले. १९६२ आणि १९६७ लाही तेच. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत मधू दंडवते उभे राहिले. इंदिरा लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा नेल्या, राजापूर मात्र हाती लागले नाही. १९८४ लाही ४८ पैकी ४३ काँग्रेसकडे गेल्या, तरी इथे दंडवतेच. लाटेला न जुमानण्याची ही सवय निव्वळ पक्षनिष्ठेची म्हणता येणार नाही. माणूस पाहून मत देण्याचा भाग त्यात मोठा होता.

दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली ती त्यांच्याच काळात. गंमत अशी, की त्यांच्या मतदारांच्या गावांत तेव्हा रूळच नव्हते. मुंबई गाठायची ती एसटीने. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये.

१९९१ साली काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी दंडवत्यांना हरवले. पुढे १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा चारही वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू आले. मुंबईच्या शाखांतून घडलेला गावचा तरुण, हाच बहुधा या बदलाचा खरा दुवा.

नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे विधानसभा मतदारसंघ आहेत. तिथे २००९ मध्ये काँग्रेसचे निलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत जिंकले. शिवसेना फुटल्यावर राऊत उद्धव ठाकरे यांच्या पक्षात राहिले आणि २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे यांच्याकडून सुमारे ४८ हजार मतांनी हरले.