एक प्रथिन, एकच काम?

‘प्रत्येक प्रथिनाला निसर्गाने एकच काम नेमून दिलंय’ हे वाक्य अभ्यासाच्या टिपणांतून वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण शिकवताना एका नावापुढे एकच काम लिहितात.

यीस्टमधलं सीबीएफ१ हे प्रथिन पाहा. ते डीएनएवरचा एक छोटा अक्षरक्रम ओळखून तिथे बसतं. तो क्रम गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरवर (विभाजनात गुणसूत्र ओढणारे धागे जिथे जोडले जातात त्या जागी) आहे, तसाच मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या काही जनुकांशेजारीही. पडताळायचं कसं? त्याचं जनुक काढून टाकायचं. पेशी जगतात, पण विभाजनात गुणसूत्रं जास्त वेळा हरवतात. शिवाय मेथिओनिन नसलेल्या माध्यमावर वाढतच नाहीत. एकच जनुक गेलं, बिघाड मात्र दोन!

यीस्टमधलंच रॅप१ हे प्रथिन तर टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, सांभाळतं, रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) प्रथिनांची जनुकं चालू करतं आणि काही जनुकं गप्पही ठेवतं.