रेडिनेस मॉनिटर (कॅलिफोर्निया स्मॉग चेक)

मोटारगाडीचा इंजिन संगणक गाडी चालू असताना प्रदूषण-नियंत्रक भागांच्या ज्या चाचण्या आपणहून घेत असतो, त्यांना मॉनिटर म्हणतात. आणि अशी चाचणी पुरी झाली आहे की नाही हे दर्शवणाऱ्या नोंदीला त्या मॉनिटरची सज्जता किंवा रेडिनेस म्हणतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गाड्यांची जी सक्तीची ‘स्मॉग चेक’ तपासणी होते, तिचा निकाल २००० व त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांच्या बाबतीत मुख्यतः या नोंदींवर ठरतो. त्यामुळे चालायला ठणठणीत असलेली, धूर न सोडणारी गाडीही केवळ मॉनिटर अपुरे राहिल्यामुळे नापास होऊ शकते, आणि पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला हा निकाल हमखास अन्यायाचा वाटतो.

या व्यवस्थेचे मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. १९४० च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके, म्हणजेच स्मॉग, पसरू लागले. गाड्यांतून व कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन ते तयार होते, हे कॅलटेक या तिथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. राज्यात स्मॉग चेक १९८४ मध्ये सुरू झाली. १९८८ च्या मॉडेलपासून गाडीतच निदानयंत्रणा बसवण्याचे बंधन आले आणि तिची सुधारलेली आवृत्ती, ओबीडी-२, १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींत आली. मार्च २०१५ पासून २००० व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यात वायू मोजणारा शोधक घालणे बंद झाले. आता तंत्रज्ञ काही भाग डोळ्यांनी पाहतो आणि डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या जोडणीतून संगणकातील नोंदी वाचून घेतो. महाराष्ट्रातील पीयूसी चाचणीत नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचे थेट मोजमाप होते. त्या सवयीने कॅलिफोर्नियात गेलेल्या माणसाला म्हणूनच ‘धूर मोजलाच नाही, मग नापास कसे?’ असा प्रश्न पडतो.

मॉनिटर दोन प्रकारचे असतात. इंजिनाचे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), इंधनाचे प्रमाण आणि विद्युत घटक यांच्यावर संगणक अखंड नजर ठेवतो आणि ते बहुधा लगेच सज्ज होतात. धुरातील घातक वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, त्या सेन्सरचा हीटर, थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारी ईजीआर यंत्रणा आणि इंधनाची वाफ अडवणारी ईव्हॅप यंत्रणा यांची चाचणी मात्र ठरावीक परिस्थिती जुळून आली तरच होते. या चाचण्यांना क्रमही असतो: हीटर व सेन्सर यांची खात्री पटल्याशिवाय बहुतेक संगणक कन्व्हर्टरकडे वळतच नाहीत. कन्व्हर्टरची परीक्षा त्याच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरांची तुलना करून होते. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचा विद्युतदाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होत असतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्या सेन्सरचा दाब जवळजवळ स्थिर राहतो, आणि तोही पुढच्यासारखा नाचू लागला तर कन्व्हर्टर निकामी झाला असे संगणक ठरवतो.

बिघाड आढळल्यावर संगणकात साठणारे दोषसंकेत स्कॅनरने (ते वाचणाऱ्या उपकरणाने) पुसले किंवा बॅटरीची तार काढली की या सर्व नोंदी सहसा कोऱ्या होतात. तपासणीच्या आदल्या दिवशी बिघाड दाखवणारा ‘चेक इंजिन’चा दिवा संकेत पुसून घालवून केंद्रावर जाण्याची पळवाट त्यामुळे बंद होते, आणि नियम करणाऱ्यांचा हेतूही तोच होता. तडाखा मात्र प्रामाणिक मालकालाही बसतो: नवी बॅटरी बसवून दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेलेली गाडी याच कारणाने परत येते.

मॉनिटर सज्ज करण्यासाठी गाडी विशिष्ट रीतीने चालवावी लागते. या फेरीला ‘ड्राइव्ह सायकल’ म्हणतात. तिचा तपशील उत्पादकागणिक बदलतो आणि खात्रीचा तपशील त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच मिळतो. सर्वसाधारण रूप असे की, गाडी रात्रभर, निदान ८ तास, उभी ठेवावी, म्हणजे इंजिनातील पाण्याचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे होते. सकाळी इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे जागेवरच चालू द्यावे, मग फ्रीवेवर ताशी सुमारे ९० किलोमीटरचा वेग दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावा, त्यानंतर सुरक्षित जागी ब्रेक न लावता केवळ अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा, आणि शेवटी शहरातल्या सिग्नलांमधून थोडे थांबत-चालत जावे. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंधन पूर्ण तोडले जाते आणि त्या काही सेकंदांत संगणक सेन्सरांची किंवा ईजीआरची चाचणी उरकतो. म्हणून हा टप्पा वगळून नुसते भरपूर किलोमीटर तोडल्याने काम होत नाही. लॉस एंजेलिसच्या ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेवर कामाच्या दिवशी असा स्थिर वेग मिळणे अशक्यच, तेव्हा रविवारची पहाट गाठलेली बरी.

सर्वांत हट्टी मॉनिटर ईव्हॅपचा. टाकी, झाकण, नळ्या आणि वाफ शोषणारा कोळशाचा डबा यांत कोठे गळती आहे का, हे तो पाहतो. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळतीही त्याने पकडावी अशी अपेक्षा असते. टाकी काठोकाठ भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर आतला दाब भरवशाने मोजता येत नाही, म्हणून इंधन साधारण पाव ते पाऊण टाकी ठेवावे आणि चाचणी होईपर्यंत मध्येच पेट्रोल भरू नये. हवा फार थंड किंवा फार उष्ण असली तरी संगणक ही चाचणी पुढे ढकलतो. काही गाड्यांत ती इंजिन बंद केल्यावरच सुरू होते: तापलेली टाकी निवू लागली की आत निर्वात निर्माण होतो आणि तो टिकतो का, हे पाहिले जाते. अनेक टोयोटा गाड्यांत तर गाडी उभी केल्यावर सुमारे ५ तासांनी एक लहानसा पंप आपोआप चालू होतो. त्या वेळी मागच्या बाजूने येणारी घरघर ऐकून काही बिघडले असे समजण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांत या हट्टीपणाची दखल घेतलेली दिसते. २००० व त्यानंतरच्या पेट्रोल गाडीचा फक्त ईव्हॅप मॉनिटर अपुरा असलेला चालतो, तर १९९६ ते १९९९ च्या गाड्यांना कोणताही एक मॉनिटर माफ असतो. डिझेलचे नियम वेगळे आहेत. इतर राज्यांचे निकषही वेगळे, बरेच ठिकाणी थोडे सैल आहेत.

नीट फेऱ्या मारूनही एखादा मॉनिटर पुरा होत नसेल तर दोष चालवण्याच्या पद्धतीत नसून गाडीत असण्याची शक्यता धरावी. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान राखणारी झडप: इंजिन पुरेसे तापत नाही, चाचणीसाठी लागणारे तापमान येत नाही, आणि दिवाही कित्येक दिवस लागत नाही. अपुरा, म्हणजे अजून न पक्का झालेला दोषसंकेत साठून राहिलेला असला तरी पुढचे मॉनिटर अडू शकतात. अशा वेळी संकेत पुन्हा पुसणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण जे मॉनिटर पुरे झाले होते तेही त्याने कोरे होतात.

जुलै २०१९ पासून २०१० व त्यानंतरच्या गाड्यांत ‘स्थायी दोषसंकेत’ही तपासले जातात. ते स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाहीत. संबंधित मॉनिटर पुन्हा चालून भाग ठीक आहे असे आढळले, की संगणकच ते काढतो. मात्र संकेत पुसल्यानंतर इंजिन किमान १५ वेळा तापून गाडी २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर चालली असेल, तर उरलेल्या स्थायी संकेतासाठी गाडी नापास करत नाहीत.

शुल्क भरण्याआधी सज्जता घरीच पाहता येते. जोडणीत लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर त्यासाठी पुरतो. फक्त त्यावर ‘संकेत पुसल्यापासून’ आणि ‘या फेरीत’ अशा दोन याद्या दिसत असतील तर पहिलीच पाहावी, कारण दुसरी प्रत्येक वेळी इंजिन सुरू करताना कोरी होते. स्कॅनर नसेल तर बऱ्याच होंडा गाड्यांत किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, ‘चेक इंजिन’च्या दिव्याकडे पाहावे: सुमारे २० सेकंदांनी तो विझला तर मॉनिटर सज्ज असतात, आणि पाच वेळा मिचकला तर नसतात.