शिडाच्या नौकेतून सूर्यास्ताची सफर : प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या सायंकाळच्या सफरीची नोंदणी केली आहे किंवा करण्याच्या विचारात आहात, म्हणून हे माहितीपत्रक आपल्या हाती देत आहोत. शहराच्या नदीकाठाने मोटरबोटीतून जाणे आणि त्याच काठाने शिडाच्या नौकेतून जाणे यांत बराच फरक आहे. मोटरबोट ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोचते. शिडाच्या नौकेला मात्र वाऱ्याचे आणि पाण्याचे ऐकावे लागते. आजवर आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या एकाच गोष्टीचा आधी खुलासा न केल्यामुळे उद्भवल्या, आणि त्यात चूक आमचीच होती. म्हणून वेळ, मार्ग आणि इंजिन यांबाबत आम्ही जे निर्णय घेतो त्यांची कारणे येथे जरा सविस्तर सांगितली आहेत.

सुटण्याची वेळ रोज वेगळी का असते

सफर सूर्यास्ताच्या दीड तास आधी सुटते आणि सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने धक्क्याला परत येते. सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकत असल्यामुळे सुटण्याची नेमकी वेळ आपल्या नोंदणीच्या संदेशात त्या त्या दिवसापुरती कळवली जाते. आपण त्याआधी वीस मिनिटे धक्क्यावर असावे, अशी विनंती आहे. उशिरा येणाऱ्यांसाठी नौका थांबवता येत नाही, कारण सूर्य थांबत नाही.

दीड तास फार वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. मोबाइलवर किंवा दिनदर्शिकेत दिलेली सूर्यास्ताची वेळ म्हणजे सपाट, मोकळ्या क्षितिजाआड सूर्यबिंबाची वरची कड दिसेनाशी होण्याची वेळ. शहरात असे क्षितिज क्वचितच मिळते. नौकेपासून ४०० मीटर अंतरावर ३५ मीटर उंचीची इमारत असेल, तर तिचा माथा क्षितिजाच्या सुमारे ५ अंश वर दिसतो. आकाशात सूर्याला १ अंश सरकायला ४ मिनिटे लागतात; म्हणजे त्या इमारतीआड तो छापील वेळेच्या किमान २० मिनिटे आधीच जातो, आणि जेथे तो तिरपा मावळतो तेथे त्याहूनही आधी. म्हणून इमारतींच्या रांगेतून पश्चिमेकडे मोकळी फट मिळते अशा ठिकाणी, एखाद्या वळणावर किंवा रुंद पात्रात, वेळेत पोचणे हे तांडेलाचे, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुख खलाशाचे, पहिले काम असते. ही जागाही वर्षभर एकच राहत नाही. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारासच. मधल्या महिन्यांत तो पश्चिमेच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला निदान २३ अंशांपर्यंत सरकतो. मागच्या सफरीत आपण ज्या मनोऱ्याशेजारी सूर्य मावळताना पाहिला, तेथेच तो सहा महिन्यांनी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सूर्य गेल्यावर पुष्कळ प्रवासी पिशव्या आवरू लागतात. आमच्या मते हा सफरीतला सर्वांत मोठा तोटा आहे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश विषुववृत्ताजवळ वीस-बावीस मिनिटे टिकतो आणि उंच अक्षांशांवर उन्हाळ्यात पाऊण तास किंवा त्याहूनही अधिक लांबतो. याच अवधीत केव्हातरी आकाशाचा उजेड आणि काठावरच्या दिव्यांचा उजेड जवळपास सारखे होतात, आणि साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दोन्ही एकाच चौकटीत पकडता येतात. त्याआधी दिवे फिके दिसतात आणि त्यानंतर आकाश काळे येते. पाण्यावर बारीक तरंग असतील तर प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब आपल्या दिशेने ताणल्यासारखे लांबच लांब पट्टा होऊन येते, कारण वेगवेगळ्या कोनांत कललेला प्रत्येक तरंग त्या दिव्याचा थोडा थोडा उजेड आपल्याकडे पाठवत असतो. वारा पूर्ण पडला, तर हेच पट्टे आखडून दिवे पाण्यात जसेच्या तसे उलटे उभे दिसतात.

वारा आणि इंजिन

दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि वरच्या थरांतली वेगवान हवा खाली येते. दुपारचा वारा जोरकस असतो तो या घुसळणीमुळे. ऊन उतरले की जमीन निवू लागते, घुसळण थांबते, आणि वर वारा वाहत असला तरी पाण्यालगतचा वारा मंदावतो. थोडक्यात, सूर्यास्ताची वेळ ही शिडासाठी दिवसातली सर्वांत भरवशाची वेळ नव्हे. आमच्या धंद्याला हे गैरसोयीचे असले, तरी लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यात शहरातला वारा एकसारखा नसतो. उंच इमारतींच्या आडोशाला नौका अचानक मंदावते आणि दोन इमारतींमधली मोकळी जागा समोर आली की तेवढ्यापुरती झुळूक येऊन शीड ताठ होते. खलाशी ही झुळूक आधी पाण्यावर वाचतात. बारीक तरंगांमुळे काळसर झालेला एक डाग पाण्यावरून धावत येताना दिसला, की तो नौकेपर्यंत पोचण्याआधी शिडाचा दोर हातात घेतला जातो. आपणही तो डाग शोधून पाहावा; एकदा नजर बसली की मग शहर बघायचे राहून जाते. शिडाच्या कापडावर दोन्ही बाजूंना चिकटवलेले लोकरीचे छोटे धागे आहेत, तेही पाहण्यासारखे आहेत. दोन्ही बाजूंचे धागे मागे सरळ उडत असतील तर शीड नीट लागले आहे असे समजावे. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा फडफडू लागला, तर दोर थोडा ओढावा लागतो किंवा नौकेचे तोंड वाऱ्यापासून किंचित वळवावे लागते.

वारा पुरेसा नसेल, पुलाखालून जायचे असेल, मोठी बोट समोरून येत असेल किंवा धक्क्याला लागायचे असेल, तेव्हा तांडेल इंजिन सुरू करतो. एका संध्याकाळी इंजिनाचा आवाज येताच एका गृहस्थांनी ही फसवणूक असल्याचे सुनावले होते. त्या क्षणी शीड लोंबत होते आणि नौका ओघाबरोबर पुलाच्या खांबाकडे सरकत होती. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून आता इंजिन सुरू करताना तांडेल कारणही सांगतो. वाऱ्याअभावी सफरीचा अर्ध्याहून अधिक वेळ इंजिनावर गेला, तर आपल्याला हव्या त्या दिवशी आणखी एक सफर आम्ही विनामूल्य देतो.

आधी ओघाविरुद्ध, मग ओघाबरोबर

सफरीचा पहिला टप्पा जवळजवळ नेहमीच ओघाविरुद्ध असतो. समजा, नौका पाण्यातून ताशी ८ किलोमीटरने जात आहे आणि पाण्याचा ओघ ताशी ३ किलोमीटर आहे. काठावरचे ५ किलोमीटर अंतर ओघाविरुद्ध कापायला पूर्ण एक तास लागतो आणि ओघाबरोबर सुमारे २७ मिनिटे. संध्याकाळी वारा पडण्याचीच शक्यता अधिक असल्यामुळे वारा असेपर्यंत अवघड अंतर कापून घ्यावे आणि परतीला नदीची मदत असावी, हा शहाणपणाचा क्रम आहे. नदी समुद्राजवळ असेल तर भरती-ओहोटीने ओघाची दिशाच उलटते, आणि भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जात असल्यामुळे आज ज्या बाजूला निघालो त्याच बाजूला आठवड्याने निघू असे नाही. पाण्याची पातळी वाढली की पुलाखालची मोकळी उंची तेवढीच घटते आणि डोलकाठी काही आखूड होत नाही. म्हणून एखादा पूल ऐनवेळी मार्गातून वगळावा लागतो.

नौका कलते तेव्हा

कोणतीही शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे ४५ अंश बाजूला तोंड ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे वळत तिला पुढे सरकावे लागते. वापरता येण्याजोगे पात्र १५० मीटर रुंद असेल, तर ताशी ८ किलोमीटर वेगाने हे वळण साधारण दर दीड मिनिटाला येते. प्रत्येक वळणाआधी तांडेल मोठ्याने सूचना देतो. ती ऐकताच डोके खाली घ्यावे आणि बसल्या जागी राहावे, कारण शिडाच्या खालच्या कडेला बांधलेली आडवी काठी, म्हणजे बूम, एका बाजूकडून दुसरीकडे जाते. वारा मागून असताना ती फार वेगाने येते. तिच्या वाटेत उभे राहून फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया तो टाळावा.

शिडात वारा भरला की नौका एका बाजूला कलते. पहिल्यांदा येणाऱ्यांना ती उलटेल की काय अशी धास्ती वाटते, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. पण आमच्या नौकेच्या तळाखाली कील नावाचा वजनदार, उभ्या पात्यासारखा भाग आहे. नौका जसजशी अधिक कलते तसतसे ते वजन तिला अधिक जोराने सरळ करू पाहते, आणि त्याच वेळी कललेल्या शिडाला वारा कमी लागतो. एवढे सांगूनही धाकधूक वाटत असेल, तर संकोच न करता तांडेलाला सांगावे. दोर थोडा सैल सोडला की नौका लगेच सरळ होते आणि वेग थोडासाच कमी होतो.

कपडे, पादत्राणे, सामान

वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि नौकेचा ८ किलोमीटर असेल, तर वाऱ्याकडे तिरपे जाताना अंगावर सुमारे २१ किलोमीटर वेगाचा वारा लागतो. वळून वाऱ्याबरोबर जाऊ लागले की तोच अवघा ७ उरतो. म्हणूनच त्याच संध्याकाळी अर्धा तास हुडहुडी भरते आणि नंतर उकडते. वारा अडवणारे एक हलके जाकीट सोबत असावे, मग धक्क्यावर कितीही उकडत असो. बूट रबरी, डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे हवेत. उंच टाचा चालणार नाहीत. चष्म्याला दोरी लावावी. मोबाइलला गळ्यात अडकवायची दोरी असल्यास उत्तम, कारण नदीत पडलेला मोबाइल शोधून देण्याची विनंती आम्हाला दर हंगामात होते आणि आजवर एकदाही पूर्ण करता आलेली नाही.

सुरक्षितता आणि रद्द होणाऱ्या सफरी

लाइफ जॅकेट सर्वांनी धक्क्यावरच घालायचे आहे आणि परत येईपर्यंत काढायचे नाही. पोहता येणाऱ्यांनाही यात सूट नाही. मुलांचे जॅकेट वयावर नव्हे तर वजनावर ठरते, म्हणून नोंदणीच्या वेळी मुलाचे वजन खरे सांगावे. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून वर निघून जाते. विंचवर, म्हणजे दोर ओढण्याच्या फिरत्या चाकावर, गुंडाळलेल्या दोराजवळ बोटे नेऊ नयेत. दोर ओढायची हौस असेल तर खलाशी शेजारी उभे राहून शिकवतात. मद्यपान करून आलेल्यांना नौकेवर घेतले जात नाही.

विजांचा कडकडाट ऐकू येत असेल तर नौका सुटत नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आम्ही थांबतो. मोकळ्या पाण्यावर आपली डोलकाठीच सर्वांत उंच असते, एवढे कारण पुरे आहे. वरच्या भागात मोठा पाऊस झाला असेल तर येथे आकाश निरभ्र असूनही सफर रद्द होऊ शकते, कारण फुगलेली नदी झाडांचे ओंडके घेऊन येते आणि संधिप्रकाशात ते दिसत नाहीत. रद्द करण्याचा निर्णय आमचा असेल, तर पूर्ण रक्कम परत मिळते किंवा दुसरा दिवस निवडता येतो, आणि ही निवड आपली असते.

अंधार पडल्यावर

सूर्यास्त होताच नौकेचे दिवे लागतात: डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. इंजिन सुरू केल्यास डोलकाठीवर पुढच्या दिशेने आणखी एक पांढरा दिवा लागतो, कारण शीड वर असले तरी इंजिनावर चालणारी नौका नियमांनुसार यांत्रिक नौकाच मानली जाते. समोर फक्त हिरवा दिवा दिसला तर ती नौका आपल्याला तिची उजवी बाजू दाखवत जात आहे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती थेट आपल्याकडे येत आहे, हे तांडेलाला त्यांवरूनच कळते. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलच्या टॉर्चचा एक झोत ते काही क्षणांत वाया घालवतो. म्हणून सूर्यास्तानंतर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवावेत. काही शोधायचे असल्यास खलाशाकडे लाल उजेडाची विजेरी मागावी.

धक्का जवळ आला की सर्वांनी बसून राहावे आणि हात-पाय नौकेच्या कडेच्या आत ठेवावेत. काही टन वजनाची नौका पायाने थोपवता येत नाही, आणि तसा प्रयत्न मदतीच्या भावनेनेच केला जातो हे आम्हाला ठाऊक आहे. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर बांधून झाल्यावर खलाशी हात पुढे करतो. तेव्हा एका वेळी एकाने, सामान आधी त्याच्याकडे देऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून उतरावे. लाइफ जॅकेट धक्क्यावरच्या पेटीत ठेवावे.